कंसातला दोन

आमच्या बारक्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मला ते चाललं नसतं. तसा दुसरा आहे तरी कोण? आमच्या टोळीत सही करता येणारे पुष्कळ, पण लिहिता येणारा मी एकटा. सातवी पास, तीही पहिल्या झटक्यात. आणि माझं अक्षर! ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी कुठल्याही कारखान्यात जाऊन मोठ्या पेटीवरचं 'ही बाजू वर' बघावं. ते माझं. शेजारचा बाणही माझाच. माझा बाण बघितला की मशीन आपोआप वळतं, असं मी म्हणतो. बारक्या म्हणतो, "दादा, मशीन आम्ही वळवतो. बाण नुसता बघत उभा असतो."

बारक्या माझा सख्खा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, दोन मुलींचा बाप, तरी बारक्याच. शाळेत चौथीपर्यंत गेला. गेला म्हणजे मी कान धरून नेला. अंगाने एवढासा. वारा आला तर शर्टासकट उडेल. पण नऊ-दहा टनांचं धूड हलवायचं असलं आणि तिथे क्रेन शिरत नसली की आमच्या टोळीला बोलावणं येतं, आणि टोळीत सगळ्यात आधी बारक्याला विचारतात. कारण आमच्याकडे दोर हाताने धरतात, पण मशीन उतरतं ते गाण्यावर, आणि गाणं बारक्या सांगतो.

हे सगळं मी हॉस्पिटलच्या बॉयलरच्या दिवसासाठी सांगतोय. त्या दिवशी आमचा मामा, आमच्या आईचा धाकटा भाऊ, नऊ टनांच्या बॉयलरपुढे अडकला होता आणि चूक माझी होती. पण आधी काम समजून घ्या, नाहीतर भीती कळायची नाही.

उतारावरून जड वस्तू खाली नेणं हे वर चढवण्यापेक्षा वाईट. चढवताना वस्तू अडून बसते. उतरताना तिला घाई असते. तिच्याखाली लोखंडी पाइप आडवे घालायचे, त्यावरून ती घरंगळते. मागे दोन दोर, एक डावा, एक उजवा. वर दोन खांब रोवलेले, प्रत्येक दोराचे खांबाला दोन वेढे, आणि खांबामागे माणसं. या माणसांना समोर खांब दिसतो, पुढच्याची पाठ दिसते, बाकी काही दिसत नाही. उतार जमिनीखाली जातो, त्यामुळे खाली काय चाललंय ते देवालाच ठाऊक. देवाला आणि बारक्याला. तो उताराच्या तोंडाशी उभा असतो. तिथून त्याला खांबही दिसतात आणि खाली मामाही दिसतो.

मामाचं काम सगळ्यात अवघड. वस्तू पुढे सरकली की मागचा पाइप मोकळा होतो. तो उचलायचा, पळत पुढे न्यायचा आणि वस्तूच्या तोंडापुढे घालायचा. म्हणजे सारखं उकिडवं बसायचं आणि उड्या मारायच्या. म्हणून टोळी त्याला बेडूकमामा म्हणते. पाइप नीट बसला आणि आपण बाजूला झालो की मामा हातातली पहार जमिनीवर दोनदा आपटतो. टक टक. मगच दोर सोडायचा, हातभर. परत धरायचा. परत टक टक. वीस पावलांच्या उताराला अर्धा दिवस लागतो.

आणि एक नियम. दोरावर बोलायचं नाही. चकार शब्द नाही. पूर्वी एकदा मागच्या माणसाने तंबाखूसाठी "दे की रे" म्हटलं आणि पुढच्याने दोर दिला. लेथ मशीन भिंतीतून शेजारच्या खोलीत गेलं. ओरडलं की माणूस दचकतो, आणि दचकलेला हात एकतर सोडतो नाहीतर ओढतो. म्हणून जे काही सांगायचं ते गाण्यातून. एकदा मामाला शिंक येत होती तर बारक्याने ती गाण्यात घातली. शिंक येऊन गेली, नाक पुसून झालं, तोवर सगळे दोर धरून गात होते.

गाणं म्हणजे अंगाईच आहे. मिशीवाले दांडगे बाप्ये उन्हात उभे राहून अंगाई म्हणतात, म्हणून बारक्याला टोळीत 'दाई' म्हणायचे. कुठून आलं ते गाणं, कुणालाच माहीत नाही. मामाच्या आधीच्या लोकांनीही तेच म्हटलं होतं.

*धर गं बाई, धर गं बाई, दोरी पाळण्याची,*
*सोड गं हातभर, सोड गं हातभर, वेळ निजण्याची.*
*बाळ आमचं नऊ टनांचं, मांडीवर मावेना,*
*आई म्हणे नीज रे राजा, झोप काही येईना.*

टनांचा आकडा वस्तूप्रमाणे बदलतो. पहिल्या ओळीवर धरायचं, दुसऱ्या ओळीवर सोडायचं. तिसरी-चौथी दम घ्यायला.

तर झालं काय, नवीन साहेब आला. सुरक्षेचा. चांगला माणूस, तरुण, हातात कायम एक पुठ्ठा आणि त्याला चिमटा लावलेले कागद. त्याने आमचं काम बघितलं आणि म्हणाला, "हे सगळं तोंडी चालतं? लेखी काहीच नाही?"

मामा म्हणाला, "साहेब, गाणं आहे ते. गाणं तोंडीच असतं."

"उद्या हा गाणारा आजारी पडला तर? नवीन माणसं येणार आहेत, ती शिकणार कशी? लिहून काढा. भिंतीवर लावा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छाती फुगवली. का फुगवू नये? वीस वर्षं मी पेट्यांवर बाण काढत होतो. पहिल्यांदा कुणीतरी मला गाणं लिहायला सांगत होतं.

दुपारी गोदामात वही घेऊन बसलो. म्हटलं, एकेकाने म्हणा, म्हणजे शब्द बरोबर येतील.

पैलवान सुरू झाला. पैलवान म्हणजे बारक्या सोडला तर टोळीतला सगळ्यात बारीक माणूस, डाव्या दोराचा पुढारी. "धर गं बाई, धर गं बाई, गोरी पाळण्याची."

"गोरी?"

"मग? बाई गोरी असेल."

"अरे दोरी! दोरी पाळण्याची."

"वीस वर्षं मी गोरीच म्हणतोय. माझा दोर कधी सुटला नाही. तुझं तू बघ."

पैलवानाच्या मागे दोन जण असतात, जावईबापू आणि घड्याळ. घड्याळ 'मांडीवर मावेना'च्या जागी 'माडीवर मावेना' म्हणत होता. त्याचं म्हणणं, आपण मशीन माडीवरच नेतो, मांडीवर कोण घेतो? जावईबापू इतकी वर्षं 'मामीला मावेना' म्हणत आला होता, आणि तेही मामाच्या तोंडावर.

मामा म्हणाला, "मला वाटायचं याच्या तोंडात पान असतं. आता कळलं मेल्याच्या मनात काय असतं."

"मामा, शप्पथ, मला तसंच ऐकू आलं पहिल्या दिवशी."

"दोष मामीचा आहे. तिने तुला जेवायला घातलं."

सगळे लोळून हसले. मी नाही हसलो. मी शिकलेला माणूस, मला शब्द नीट करायचे होते. प्रत्येक ओळीचं खरं काय ते ठरवलं, खाडाखोड केली आणि शेवटी बारक्याला विचारलं, "पहिली ओळ कितीदा म्हणायची?"

"लागेल तितक्यांदा."

"आकडा सांग."

"आकडा नाही रे दादा. मामा टक टक करेपर्यंत."

"असं लिहितात का कुठे? गाण्यांच्या पुस्तकात बघ, ओळीपुढे कंसात दोन असतो. साहेब हसेल आपल्याला."

बारक्याने कान खाजवला. लहानपणापासून त्याची ती सवय आहे. मी रागावलो की तो कान खाजवतो आणि खाली बघतो. म्हणाला, "पण सरळ काम असलं तरच दोनदा होतं. अडलं की…"

"बारक्या, सातवी कोण पास आहे?"

"तू."

"मग?"

"तुला जास्त कळतं," तो म्हणाला. हे त्याचं वाक्य माझ्या कानात अजून आहे.

बोर्ड मी असा रंगवला की बघत राहावं. सहा फूट बाय चार फूट. काळ्यावर पांढरी अक्षरं, मथळा लाल. पहिल्या ओळीपुढे कंस आणि कंसात ठसठशीत २. खाली माझं नाव, तेही ठळक. साहेबाने फोटो काढला. आठवड्याभरात सहा नवीन माणसं आली. तगडी, कामाची, पण कधी दोराला हात न लावलेली. ती रोज बोर्डासमोर उभी राहून पाठ करायची. सुरुवातीला बाप्यांना 'धर गं' म्हणायची लाज वाटायची, मग सवय झाली. चार दिवसांत सगळ्यांना गाणं पाठ. एकही 'गोरी' नाही, एकही 'मामी' नाही. मी मामाला म्हटलं, "बघ, याला म्हणतात शिक्षण."

बारक्या वेगळाच उद्योग करत होता. चहाच्या वेळी नवीन माणसांत जाऊन बसायचा आणि एकेकाला टोपणनाव द्यायचा. लंबू, चष्म्या, मिशी, बटण, उचकी, गप्प्या. बटण म्हणजे ज्याच्या शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं. गप्प्या म्हणजे जो चहा पितानासुद्धा आवाज करत नाही. नुसतं नाव देऊन थांबायचा नाही, गाण्याच्या चालीत हाक मारायचा. "ये गं लंबू, ये गं चष्म्या, वेळ चहा पिण्याची." ते हसायचे. मी म्हणायचो, पोरकटपणा सोड, दोन मुलींचा बाप आहेस.

तीन कामं सुरळीत झाली. तिन्ही सरळ होती. पहिली ओळ दोनदा म्हणून होईपर्यंत मामाची टक टक झालेली असायची. बोर्ड बरोबर ठरत गेला, आणि मी रोज थोडा थोडा उंच होत गेलो.

चौथं काम बॉयलरचं.

हॉस्पिटलच्या तळघरात कपडे धुण्याची मोठी खोली होती, तिथे तो बसवायचा होता. मागच्या अंगणातून उतार आत जात होता, दोन्ही बाजूंना भिंती, वर छत. बॉयलर आणि भिंत यांच्यात एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच जागा. सकाळी दहाला सुरू केलं. डाव्या दोरावर पैलवान, जावईबापू, घड्याळ. उजव्यावर सहाच्या सहा नवीन. आमचा एक म्हणजे त्यांचे दोन, असा हिशोब. साहेब दाराशी पुठ्ठा घेऊन उभा. मी रंगाचा डबा घेऊन बारक्याच्या शेजारी, कारण खाली बसल्यावर बॉयलरवर खुणा मी करणार होतो.

सहा वेळा हातभर सोडला. सहा वेळा छान झालं. छताखाली गाणं घुमत होतं, वरून एक नर्स खिडकीत येऊन ऐकून गेली.

सातव्या वेळी मामाने पाइप घातला तो तिरका बसला. डाव्या भिंतीलगत पाणी जायची नाली होती, तिचं झाकण जरा वर आलेलं. पाइपाचं टोक त्यावर चढलं. मामा डाव्या बाजूला उकिडवा बसला आणि पहारीने टोक खाली घ्यायला लागला.

बारक्याने पहिली ओळ म्हटली. एकदा. सगळ्यांनी मागून म्हटली. दुसऱ्यांदा. मामा अजून वाकलेलाच. बारक्याने तिसऱ्यांदा सुरू केली, "धर गं बाई…"

आणि उजव्या दोरावरचे सहा जण, पाठ केलेल्या पोरांसारखे, "सोड गं हातभर" म्हणाले. म्हणाले आणि सोडला. ते आपापल्या तोंडाने पुढे गेले होते. दोन झाले होते ना.

डाव्यांनी धरून ठेवला होता. एक बाजू सुटली, एक अडली. बॉयलर कण्हल्यासारखा आवाज झाला आणि त्याचं तोंड डावीकडे वळलं. मामाकडे. तिरका पाइप गर्रकन फिरला आणि मामाचा उजवा पाय, साहेबाने दिलेल्या जाड बुटासकट, पाइप आणि भिंतीच्या मध्ये गेला.

मामा ओरडला नाही. नियम म्हणजे नियम. त्याने भिंतीवर तळहात टेकला आणि वर बघितलं, बारक्याकडे. माझ्याकडे नाही.

मी तेव्हा बघितलं ते सांगतो. बुटाच्या टोकाला आत पोलाद होतं म्हणून बोटं वाचली होती. पण बॉयलर अजून चार बोटं वळला असता तर पोलादही चेपलं असतं, आणि हातभर वळला असता तर मामाचा नुसता पाय गेला नसता. वर ओढणं शक्य नव्हतं, ते नऊ माणसांचं काम नाही. उजव्या सहांना कळलं होतं की काहीतरी झालंय, काय ते दिसत नव्हतं. लंबूची मान वळायला लागली. चष्म्याचं तोंड उघडलं. एकाने जरी "काय झालं?" म्हटलं असतं तरी संपलं होतं. आणि पहिली ओळ म्हणून उपयोग नव्हता. पहिली ओळ दोनदा झाली की त्यांचे हात सोडणार. मीच शिकवलं होतं.

बारक्याने श्वाससुद्धा मोठा घेतला नाही. तीच चाल, तोच ठेका.

*"धर गं लंबू, धर गं चष्म्या, दोरी पाळण्याची."*

लंबूची मान जागेवर आली. चष्म्याचं तोंड मिटलं.

*"धर गं मिशी, धर गं बटणा, दोरी पाळण्याची.*
*धर गं उचकी, धर गं गप्प्या, दोरी पाळण्याची."*

मी खांबाकडे बघत होतो. नाव आलं की त्या त्या माणसाची बोटं दोरावर आवळत होती, एकामागून एक. हे बोर्डावर नव्हतं. पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ऐकणं भाग होतं. उजवा दोर ताठ झाला. थांबला. चहाच्या वेळचा तो पोरकटपणा कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. त्याला माझा बोर्ड पुसता येत नव्हता, म्हणून त्याने आपली सोय करून ठेवली होती.

पण नुसतं धरून मामा सुटणार नव्हता. बॉयलरचं तोंड सरळ करायचं तर डाव्यांनी जरासं सोडायला हवं, आणि तेवढ्यात उजवी बाजू आणखी खाली यायला नको. तिथे पाचर हवी होती. पाचरी मामाच्या ढिगात, खाली, उजव्या भिंतीशी. नऊ जण दोराला बांधलेले, मामा अडकलेला, बारक्या हलला की गाणं हललं. साहेब उतारावर पाय ठेवायला निघाला तर बारक्याने गाता गाता हाताने अडवला. जड बूट वाजले असते.

*"दादा उतर उजवीकडनं, पाचर पायथ्याची."*

माझ्या पायात वहाणा होत्या. रंगाचा डबा मी खाली ठेवला की सांडला, आठवत नाही. मी घाबरलो नव्हतो असं मी सगळीकडे सांगतो. इथे लिहितोय म्हणून खरं लिहितो. बॉयलर आणि भिंतीच्या मधून तिरका उतरताना माझ्या पाठीला गार लोखंड लागत होतं आणि मी डोळे मिटून, भिंत चाचपत सरकत होतो. वरून बारक्याचा आवाज येत होता, "दादा उतर, दादा उतर," संथ, जसा काही मी जिन्यावरून पाणी प्यायला चाललोय. पाचर उचलली. हातोडा उचलला. पुढच्या पाइपाखाली पाचर सारली आणि त्याच्या ठेक्यावर घाव घातले. एक. दोन. तीन. तिसऱ्याला ती बसली. अशी बसली की नंतर दोघांना मिळून काढावी लागली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, विचारा कुणालाही.

बॉयलरच्या तोंडापुढून मामा मला दिसत होता. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, आणि ओठ हलत होते. तो गाणं म्हणत होता.

*"सोड गं पैलवाना बोटभर, वेळ निजण्याची."*

बोटभर. हातभर नाही. डावा दोर बोटभर सुटला. लोखंड लोखंडावर घासलं. काही झालं नाही.

*"सोड गं पैलवाना बोटभर…"*

आणखी एक बोट. आता तोंड किंचित उजवीकडे आलं. पाइप ढिला पडला. मामाने पाय ओढला, निघेना. बूट मापाचा होता, नाडी घट्ट बांधलेली. मामाने खाली हात घातला आणि नाडी सोडायला लागला. गाठ मारून बांधली होती. वर बारक्या सहांची नावं परत घेत होता, मग तिघांची, मग परत सहांची. एकदाही त्याने ठेका वाढवला नाही. मला वाटत होतं ओरडावं, अरे मामा, तोड ती नाडी! मी तोंडावर हात दाबून धरला होता. हाताला पांढरा रंग होता, तो मिशीला लागला.

पाय निघाला. बूट तिथेच राहिला. मामा घसरत बाजूला झाला, भिंतीला टेकला, पहारीने पाइप सरळ केला. मग आम्ही दोघांनी मिळून पाचर काढली.

टक टक.

तेव्हा कुठे बारक्याने दुसरी ओळ सगळ्यांना दिली.

लोकांना वाटतं तिथे काम थांबलं. नऊ टन उतारावर लोंबकळत ठेवून कोण थांबेल? पाइप घालणं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मामाने एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी, अंगठा काळानिळा झालेला, तसेच उरलेले सगळे पाइप घातले. आणि बारक्याने खालपर्यंत एकही ओळ बोर्डावरची म्हटली नाही. सारी नावं. दीड वाजता बॉयलर जागेवर बसला.

बारक्या पायरीवर बसला होता. आवाज पार गेलेला, नुसती हवा येत होती. मी शेजारी बसलो. 

मग तो म्हणाला, "दादा, पाचर उलटी घातली होतीस."

"उलटी? कशी उलटी?"

"जाड बाजू आत. चालली म्हणून बरं."

"बारक्या, तो दोनचा आकडा…"

"हं."

"माझा होता."

"हो," तो म्हणाला. बेचाळीस वर्षांत माझ्या चुकीला तो पहिल्यांदा हो म्हणाला. कान खाजवला नाही.

लंबू आला. एवढा ताडमाड माणूस, हुंदके देत होता. "दादा, बोर्डावर दोनच होतं हो. आम्ही दोनच…"

"बोर्ड माझा आहे," मी म्हटलं. "रडायचं असेल तर बोर्डासमोर जाऊन रड."

साहेब पुठ्ठ्यावर लिहीत होता. मी वाकून वाचलं, वाचता येतं म्हणून. 'नवीन कामगारांच्या दुर्लक्षामुळे' असं लिहिलेलं. मी म्हटलं, "साहेब, ते खोडा. त्यांनी लक्ष दिलं म्हणूनच झालं. लिहा, बोर्ड लिहिणाऱ्याची चूक."

"विचार करून सांगताय? हे वर जाईल. तुमचं नाव लिहावं लागेल."

"लिहा की. नाव बोर्डाखाली आहे, ठळक. बघून लिहा, म्हणजे चुकणार नाही." आमच्या घराण्यात चूक झाली तरी सहा बाय चारची होते. ती लपवायला कापड पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे गोदामात जमले. मामा काठी घेऊन आला, पायाला पट्टी, चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा. मी स्टुलावर चढलो, काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि सगळ्यांसमोर तो २ पुसला.

साहेब म्हणाला, "मग आता किती लिहिणार?"

मी बारक्याकडे बघितलं. त्याचा आवाज अजून आलेला नव्हता. त्याने मामाकडे बोट केलं.

मामाने काठी उचलली आणि फरशीवर आपटली. टक टक.

तेच, जे बारक्याने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. जागा कमी होती, पण मी बसवलं. अक्षर बारीक काढावं लागलं, तरी दहा पावलांवरून वाचता येतं: (मामा टक टक करेपर्यंत). जावईबापू मागून म्हणाला, "आता मामीचंही कुठेतरी घाला," आणि मामाची काठी त्याच्या पोटरीवर बसली.

बाहेरून तपासायला येणारे लोक ती ओळ वाचून हसतात. मी त्यांना हसू देतो, मग ही गोष्ट सांगतो, मग ते हसत नाहीत. नवीन माणूस आला की आधी बारक्याबरोबर चहा प्यायचा, नाव मिळवायचं, मग बोर्ड बघायचा, असा आता नियम आहे. मीच तो बोर्डाच्या माथ्यावर लाल रंगात लिहिलाय.

आणि एक. कंसाजवळ जाऊन बघितलं तर काळ्या रंगाखालचा तो दोन अजून दिसतो. लोक म्हणतात, एवढा मोठा पेंटर तू, एक हात कमी दिला. कमी नाही दिला. दुसरा हात मी मुद्दाम मारलेला नाही.